पेशीच्या आडोशाला : विषाणू शरीराचा पहारा कसा चुकवितात

१. नागिणीचे कोडे

नागीण या विकाराविषयी आपल्याकडे एक समजूत फार दिवसांपासून चालत आलेली आहे. कमरेभोवती किंवा छातीभोवती उठलेल्या फोडांच्या पट्ट्याची दोन टोके एकमेकांस मिळाली, म्हणजे नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले, की रोगी दगावतो, असे पुष्कळ लोक मानतात. या समजुतीला आधार नाही. नागिणीचे फोड सामान्यतः शरीराच्या एकाच बाजूस, एका मज्जातंतूच्या क्षेत्रापुरते उठतात आणि शरीराची मध्यरेषा क्वचितच ओलांडतात. टोके जुळण्याचा प्रसंग बहुधा येतच नाही. मात्र या विकारात एक खरेखुरे आश्चर्य दडलेले आहे, आणि त्याकडे लोकसमजुतीचे लक्ष गेलेले नाही.

ते आश्चर्य असे की, नागीण बाहेरून येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांना असे दिसून आले की, घरात एखाद्या प्रौढास नागीण झाली म्हणजे मागोमाग त्या घरातील मुलांना कांजिण्या येतात. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील टॉमस वेलर यांनी कांजिण्यांच्या आणि नागिणीच्या फोडांतून विषाणू वेगळे करून प्रयोगशाळेत वाढविले. दोन्ही विषाणू एकच ठरले. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या गावी वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. एडगर होप-सिंपसन यांनी आपल्या रोग्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे चिकाटीने ठेविल्या आणि १९६५ मध्ये त्यांवरून निष्कर्ष मांडला. तो असा : लहानपणी आलेल्या कांजिण्या बऱ्या होतात, परंतु त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. तो मज्जातंतूंच्या गंडिकांत राहतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती उतारवयात किंवा आजारपणात क्षीण झाली, की तोच नागिणीच्या रूपाने पुन्हा बाहेर पडतो.

वयाच्या सहाव्या वर्षी कांजिण्या आलेल्या मनुष्यास साठाव्या वर्षी नागीण झाली असे समजू. मधली चोपन्न वर्षे तो विषाणू त्याच्याच शरीरात होता. या काळात त्या मनुष्याच्या शरीराने सर्दीपडशाचे कितीतरी विषाणू ओळखून नष्ट केले. मग हा एकच कसा राहिला? जे शरीर दारावरच्या चोरास पकडते, त्यास घरात वस्तीला राहिलेला चोर का सापडू नये?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर प्रथम शरीर आपल्या पेशींच्या आतील परक्यास ओळखते तरी कसे, हे समजून घ्यावे लागेल.

२. प्रतिपिंडांची मर्यादा

विषाणू म्हणजे जनुकद्रव्याचा एक लहानसा धागा आणि त्याभोवती प्रथिनांचे वेष्टन. काही विषाणूंना याखेरीज मेदयुक्त पटलाचेही आवरण असते. जीवाणू स्वतः अन्न घेतो आणि स्वतः दुभंगून वाढतो. विषाणूला यांपैकी काहीही करता येत नाही. त्याच्याजवळ केवळ स्वतःसारखे विषाणू घडविण्याची लिखित कृती असते. ती कृती अंमलात आणण्याची यंत्रसामग्री, कच्चा माल आणि ऊर्जा ही सर्व जिवंत पेशीकडून घ्यावी लागतात. म्हणून पेशीत शिरणे ही विषाणूची अपरिहार्य गरज होय.

आपल्या रक्तात आणि लसीकेत प्रतिपिंडे नावाची प्रथिने असतात. ती मोकळ्या विषाणूस चिकटतात व त्याचा पेशीतील प्रवेश रोखतात. परंतु विषाणू एकदा पेशीत शिरला, की सामान्यतः प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. पेशीपटल ही त्यांच्या दृष्टीने बंद भिंत असते.

बाहेरून पाहता संसर्गित पेशी आणि निरोगी पेशी पुष्कळदा सारख्याच दिसतात. शरीराने सर्वच पेशी संशयावरून मारावयाच्या ठरविल्या, तर शरीरच उरणार नाही. आणि कोणतीच मारली नाही, तर प्रत्येक संसर्गित पेशी नव्या विषाणूंचा कारखाना बनेल. तेव्हा भिंत न फोडता आतील बातमी बाहेर कळावी, अशी काही व्यवस्था असणे अवश्य आहे. अशी व्यवस्था आहे, आणि ती विलक्षण आहे.

३. शितावरून भाताची परीक्षा

१९७०–८० या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल हे दोघे संशोधक उंदरांच्या मेंदूच्या आवरणास सूज आणणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास करीत होते. संसर्ग झालेल्या उंदरांच्या शरीरात मारक टी-पेशी तयार होतात. टी-पेशी हा पांढऱ्या रक्तपेशींचाच एक प्रकार होय. या मारक पेशी काचपात्रात संसर्गित पेशींबरोबर ठेविल्या असता त्या संसर्गित पेशींना ठार करतात. इथवर अनपेक्षित असे काही नव्हते. परंतु एका वाणाच्या उंदराच्या मारक पेशी दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या संसर्गित पेशींपुढे ठेविल्या, तेव्हा त्यांनी त्या पेशींना हात लावला नाही. विषाणू तोच होता. संसर्गही तितकाच होता. फरक होता तो पेशींच्या पृष्ठभागावरील काही प्रथिनांचा. मनुष्याला दुसऱ्याच्या शरीरातील इंद्रियाचे रोपण केले असता शरीर ते नाकारते, त्यास कारणीभूत होणारी प्रथिने ती हीच.

१९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ असा होता की, मारक पेशी नुसता विषाणू ओळखत नाही. आपल्याच शरीराचे विशिष्ट प्रथिन आणि त्यासोबत विषाणूचा अंश, अशी जोडी ती ओळखते. या शोधाबद्दल दोघांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८६ मध्ये ऑक्सफर्डचे ॲलन टाउनसेंड व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, मारक पेशीला विषाणूचे संपूर्ण प्रथिन लागत नाही, त्याचा एक लहानसा तुकडा पुरतो. पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठातील पामेला ब्यॉर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पृष्ठभागावरील प्रथिनाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. त्याच्या माथ्यावर एक खोबण आढळली, आणि त्या खोबणीत तुकडा बसलेला होता. या प्रथिनांना आपण या लेखात ‘दर्शक प्रथिने’ म्हणू.

एकंदर व्यवस्था अशी आहे. पेशीत प्रथिने सतत तयार होतात आणि सतत मोडलीही जातात. मोडण्याचे काम प्रोटिआसोम नावाचे पिंपाच्या आकाराचे यंत्र करते. त्यातून निघालेल्या तुकड्यांपैकी काही तुकडे ‘टॅप’ नावाच्या वाहक प्रथिनाच्या द्वारे पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेत नेले जातात. तेथे नवीन दर्शक प्रथिने तयार होत असतात. सामान्यतः आठ ते दहा ॲमिनो आम्लांचा एकेक तुकडा त्यांच्या खोबणीत बसतो. मग ते प्रथिन तुकड्यासह पेशीच्या पृष्ठभागावर येऊन उभे राहते. केंद्रक असलेल्या बहुतेक सर्व पेशी आपल्या अंतरंगाचे असे हजारो नमुने अहोरात्र बाहेर मांडून ठेवितात.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. शरीरही तेच करते. पेशीत केवळ स्वतःची प्रथिने घडत असतील, तर बाहेर मांडलेली शितेही घरचीच असतात. फिरती टी-पेशी ती तपासते आणि पुढे जाते. परंतु आत विषाणूची प्रथिने घडू लागली, की त्यांचेही तुकडे त्याच मार्गाने बाहेर येतात. त्या तुकड्यास जुळणारी टी-पेशी भेटली, की ती संसर्गित पेशीच्या पटलास छिद्रे पाडून आत्मनाश घडविणारी विकरे आत सोडते. एक पेशी मरते. पण तिच्याबरोबर विषाणूचा एक कारखानाही बंद पडतो.

४. पहिली आरोळी आणि तिचा गळा दाबणे

टी-पेशींची फौज तयार होण्यास काही दिवस लागतात. त्याआधी पेशी स्वतःच आरोळी ठोकते. १९५७ मध्ये लंडन येथे ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलांवर उष्णतेने निर्जीव केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू सोडून प्रयोग केले. त्यांना आढळले की, विषाणूचा स्पर्श झालेल्या पेशी काही द्रव्य बाहेर सोडतात आणि त्या द्रव्यामुळे इतर पेशींत विषाणूची वाढ होऊ शकत नाही. विषाणूच्या कामात व्यत्यय आणणारे म्हणून त्यास ‘इंटरफेरॉन’ असे नाव मिळाले. इंटरफेरॉनच्या प्रभावाने शेजारच्या पेशी सावध होतात. त्याबरोबरच पेशी अधिक दर्शक प्रथिने तयार करू लागतात, म्हणजे अधिक शिते बाहेर मांडतात.

परंतु आरोळी केव्हा ठोकावयाची, हे पेशीस कळते कसे? पेशीच्या आत काही संवेदक प्रथिने असतात. अनेक विषाणूंची वाढ होताना आर.एन.ए.चे लांबलचक दुहेरी धागे निर्माण होतात. निरोगी पेशीच्या द्रवात असे धागे सहसा नसतात. ते आढळले, की संवेदक जागे होतात. डी.एन.ए.चे योग्य स्थान केंद्रकात व सूत्रकणिकांत असते. ते पेशीद्रवात सापडले, की दुसरा एक संवेदक खूण देतो. हा संवेदक अमेरिकेत डॅलस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये ओळखला.

विषाणूंचे पहिले कपट येथे दिसते. इन्फ्लुएंझाच्या विषाणूचे ‘एन.एस.१’ हे प्रथिन दुहेरी आर.एन.ए.स चिकटते आणि संवेदकांच्या साखळीतही अडथळा आणते. इबोला विषाणूचे ‘व्ही.पी.३५’ हे प्रथिन त्या दुहेरी धाग्यावर जणू टोपी घालते. कोरोनाविषाणू पेशीतील पटले वाकवून दुहेरी भिंतींच्या पिशव्या बनवितात आणि आपल्या आर.एन.ए.च्या प्रती त्या पिशव्यांच्या आडोशाला तयार करतात.

एन.एस.१ या प्रथिनाचे महत्त्व १९९८ मध्ये एका सुबोध प्रयोगाने सिद्ध झाले. संशोधकांनी हे प्रथिन नसलेला इन्फ्लुएंझा विषाणू मुद्दाम तयार केला. साधारण उंदरांत तो वाढेना. परंतु इंटरफेरॉनची आज्ञा पाळण्यास असमर्थ असलेल्या उंदरांत तोच विषाणू वाढला व घातक ठरला. जेथे आरोळीच ऐकू येत नाही, तेथे ती दाबण्याची गरजही नसते, हे यावरून उघड झाले.

५. नमुने दडविण्याच्या युक्त्या

इन्फ्लुएंझासारखा विषाणू घाईने येतो व घाईने जातो. त्याला काही दिवसांची सवड मिळाली म्हणजे पुरे. परंतु काही विषाणू मनुष्याच्या शरीरात जन्मभर राहतात. त्यांत हर्पीस कुळाचे विषाणू प्रमुख आहेत. कांजिण्यांचा विषाणू याच कुळातील. ओठांवर वारंवार पुळ्या आणणारा हर्पीस सिंप्लेक्स आणि सायटोमेगॅलो विषाणू हेही त्याच कुळातील. अशा विषाणूंना टी-पेशींच्या पहाऱ्याखाली वर्षानुवर्षे काढावयाची असतात. त्यामुळे शिते बाहेर नेण्याच्या मार्गावर त्यांनी जागोजागी अडथळे उभारलेले आढळतात.

पहिला अडथळा तुकडे होण्याच्या जागी. १९६४ मध्ये शोध लागलेला एपस्टाइन–बार विषाणू पेशींत दीर्घकाळ राहतो. त्याला तेथे टिकून राहण्यासाठी जे प्रथिन अत्यावश्यक आहे, त्यात ग्लायसीन व ॲलनीन या दोन ॲमिनो आम्लांची लांबच लांब पुनरावृत्ती असते. या भागामुळे त्या प्रथिनाचे विघटन मंदावते, त्याचे उत्पादनही मर्यादित राहते, आणि म्हणून दर्शविण्याजोगे तुकडे फार थोडे निघतात. भात फारसा शिजतच नाही, तर शीत कोठून येणार?

दुसरा अडथळा वाहतुकीच्या दारावर. हर्पीस सिंप्लेक्स विषाणूजवळ अवघ्या ८८ ॲमिनो आम्लांचे ‘आय.सी.पी.४७’ नावाचे प्रथिन आहे. १९९४–९५ च्या सुमारास असे दिसून आले की, हे प्रथिन टॅप वाहकाच्या तोंडाशी जाऊन बसते व ते बंद करते. तुकडे पेशीद्रवातच अडकून राहतात. सायटोमेगॅलो विषाणूचे ‘यू.एस.६’ हे प्रथिन तोच वाहक आतल्या बाजूने निकामी करते. एकाच कुळातील दोन विषाणू एकच दार बंद करतात, पण एक बाहेरून आणि दुसरा आतून.

तिसरा अडथळा अधिक धाडसी आहे. १९९६ मध्ये इमॅन्युएल विर्ट्झ, हिडे प्लूख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायटोमेगॅलो विषाणूच्या ‘यू.एस.२’ व ‘यू.एस.११’ या प्रथिनांचे कार्य उघड केले. आंतर्द्रव्यजालिकेत नुकतेच तयार झालेले दर्शक प्रथिन ही प्रथिने पकडतात आणि उलट दिशेने पेशीद्रवात ढकलून देतात. तेथे प्रोटिआसोम काही मिनिटांतच त्याचा चुरा करून टाकतो. सदोष प्रथिने नष्ट करण्याची जी व्यवस्था पेशीने स्वतःच्या हितासाठी ठेविली आहे, तीच येथे पहारा मोडण्यासाठी वापरली जाते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार आहे. या शोधाचा एक आनुषंगिक लाभ असा झाला की, निरोगी पेशी आपली सदोष प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेतून बाहेर कशी काढते, याचाही मार्ग त्यामुळे उलगडत गेला.

चौथा अडथळा अगदी शेवटच्या टप्प्यावर. एड्सला कारणीभूत होणाऱ्या विषाणूचे ‘नेफ’ हे प्रथिन दर्शक प्रथिनांस पेशीच्या पृष्ठभागावर टिकू देत नाही. ती आत वळविली जातात आणि अखेर नष्ट होतात.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. कपट, युक्ती, धाडस हे शब्द आपण सोयीसाठी वापरीत आहोत. विषाणूला बुद्धी नाही आणि हेतूही नाही. विषाणूंच्या प्रती निघताना जनुकांत बारीकसारीक फेरफार होतात. कधी आश्रयदात्या प्राण्याचे एखादे जनुकही विषाणूत येऊन बसते. ज्या फेरफारांमुळे संसर्गित पेशी थोडी अधिक काळ वाचली, त्यांची संतती अधिक निपजली. मनुष्य आणि त्याचे पूर्वज यांच्या समागमात हर्पीस कुळाचे विषाणू लक्षावधी वर्षे राहिलेले आहेत. एवढ्या दीर्घ काळात निवडीच्या नियमाने जे साचत गेले, ते आज आपणास योजनेसारखे दिसते.

६. कोरे दार हाही पुरावाच

शिते बाहेर येऊच दिली नाहीत, म्हणजे विषाणू निर्धास्त झाला, असे वाचकास वाटेल. परंतु शरीराजवळ दुसरा पहारा आहे. नैसर्गिक मारक पेशी नावाच्या पेशी १९७५ च्या सुमारास ओळखल्या गेल्या. त्या कोणत्या खुणेवरून लक्ष्य निवडतात, हे प्रथम कळेना. १९८६ मध्ये स्वीडनमधील क्लास कॅरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, दर्शक प्रथिने गमावलेल्या अर्बुदपेशींनाच या पेशी नष्ट करतात. ती प्रथिने असलेल्या पेशींना त्या सोडून देतात. टी-पेशी परकी खूण दिसली म्हणून मारते. नैसर्गिक मारक पेशी घरची खूण दिसत नाही म्हणून मारते. प्रत्येक घरापुढे दिवा असावा असा नियम असलेल्या गावात अंधारे दारच संशयास्पद ठरते, तसेच हे आहे.

अशा रीतीने विषाणू पेचात सापडतो. शीत मांडावे तर टी-पेशी ओळखते. न मांडावे तर नैसर्गिक मारक पेशी येते. तथापि या पेचातूनही काही विषाणूंनी वाट काढलेली आहे.

एड्सच्या विषाणूचे नेफ हे प्रथिन सर्व दर्शक प्रथिने सरसकट हटवीत नाही. मनुष्यात या प्रथिनांचे अ, ब व क असे मुख्य वर्ग आहेत. टी-पेशींना प्रामुख्याने नमुने दाखविणारे अ आणि ब हे वर्ग नेफ हटविते. नैसर्गिक मारक पेशींना शांत ठेवणारा क वर्ग ते बहुतांशी तसाच राहू देते.

सायटोमेगॅलो विषाणूची रीत याहून बारीक आहे. नैसर्गिक मारक पेशींना स्वस्थ ठेवणारे ‘ई’ नावाचे एक विशेष दर्शक प्रथिन असते. त्याच्या खोबणीत अन्य दर्शक प्रथिनांपासून निघालेला नऊ ॲमिनो आम्लांचा तुकडा बसतो. तो बसला, की ‘येथील दर्शक प्रथिने जागेवर आहेत’ अशी जणू साक्ष मिळते. २००० साली असे आढळले की, सायटोमेगॅलो विषाणूच्या ‘यू.एल.४०’ या प्रथिनात तंतोतंत तसाच नऊ ॲमिनो आम्लांचा तुकडा असतो, आणि टॅप वाहक बंद असतानाही तो ‘ई’च्या खोबणीपर्यंत पोहोचतो. म्हणजे खऱ्या शितांची वाट अडवून विषाणू खोटी साक्ष मात्र हजर ठेवतो.

शरीरही काही वेळा या खोटेपणास ओळखावयास शिकते. उंदरांच्या सायटोमेगॅलो विषाणूजवळ ‘एम.१५७’ नावाचे असेच एक फसवे प्रथिन आहे. काही वाणांच्या उंदरांत मात्र नैसर्गिक मारक पेशींवर असा एक ग्राहक आढळतो, की जो या फसव्या प्रथिनासच पकडतो आणि पेशीला शांत करण्याऐवजी चिथावतो. ही गोष्ट २००२ मध्ये सिद्ध झाली. असे उंदीर या विषाणूस चांगले दाद देत नाहीत.

७. मौनाचा आश्रय

आता आरंभीच्या कोड्याकडे परत येऊ. कांजिण्यांचा विषाणू चोपन्न वर्षे लपला कसा?

त्याने सर्वांत साधा उपाय योजिला. तो गप्प बसला. कांजिण्यांच्या वेळी तो त्वचेतून व रक्तातून संवेदी मज्जातंतूंच्या गंडिकांतील मज्जापेशींत पोहोचतो. तेथे त्याचे डी.एन.ए. केंद्रकात पडून राहते, परंतु त्यावरील जवळजवळ सर्व जनुके मूक असतात. प्रथिने घडत नाहीत. म्हणून तुकडे निघत नाहीत. म्हणून पृष्ठभागावर परके शीतही येत नाही. त्यातून मज्जापेशी मुळातच दर्शक प्रथिने फार थोडी मांडतात. यामागील कारण समजण्याजोगे आहे. त्वचेची पेशी मेली तर तिची जागा दुसरी घेते. मज्जापेशी मेली तर तिची जागा सहसा भरून येत नाही. शरीर आपल्या ज्या मौल्यवान पेशींवर हात उगारण्यास कचरते, त्यांच्याच आश्रयास हा विषाणू जाऊन राहतो.

परंतु मौनात वाढ नाही. नव्या मनुष्यापर्यंत पोहोचावयाचे तर विषाणूला केव्हा तरी बोलावेच लागते. त्याची जनुके अधूनमधून जागी होत असावीत आणि टी-पेशी त्याला बहुधा तेथेच आवरीत असाव्यात, असे मानले जाते. वयाबरोबर किंवा औषधांमुळे टी-पेशींची शक्ती घटली, की विषाणू मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणून फोड त्या एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच उठतात. अमेरिकेतील अनुमानानुसार तेथील दर तीन माणसांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हा तरी नागीण होते. फोड वाळल्यावरही कित्येकांची वेदना महिनोन् महिने राहते.

८. युक्तीची कसोटी

काचपात्रात जे घडते ते जिवंत प्राण्यातही महत्त्वाचे असेलच, असे नाही. दर्शक प्रथिने हटविण्याच्या या साऱ्या युक्त्यांची विषाणूला खरोखरच गरज असते काय? या प्रश्नाचा निर्णय २०१० मध्ये अमेरिकेतील ऑरेगन येथील संशोधकांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांवर प्रयोग करून केला.

सायटोमेगॅलो विषाणूचे एक वैशिष्ट्य असे की, तो एकदा होऊन गेलेल्या प्राण्यास पुन्हा होऊ शकतो. प्रतिपिंडे आहेत, टी-पेशी आहेत, तरीही दुसरा संसर्ग घडतो. संशोधकांनी माकडांच्या सायटोमेगॅलो विषाणूतून दर्शक प्रथिने हटविणारी जनुके काढून टाकली. हा अपंग विषाणू पूर्वी कधीच संसर्ग न झालेल्या माकडांना दिला, तेव्हा तो रुजला व टिकून राहिला. परंतु आधीच संसर्ग होऊन गेलेल्या माकडांत तो रुजू शकला नाही. मग अशा माकडांतील मारक टी-पेशी तात्पुरत्या नष्ट करण्यात आल्या. आणि आता तोच अपंग विषाणू त्यांच्यातही रुजला. यावरून निष्कर्ष निघाला तो निःसंदिग्ध होता. या युक्त्या विषाणूला मुख्यतः तयार असलेल्या टी-पेशींच्या तोंडावरून आत घुसण्यासाठी लागतात.

हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय नाही. जगातील निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात सायटोमेगॅलो विषाणू आहे आणि निरोगी माणसास त्याचा बहुधा पत्ताही लागत नाही. परंतु गर्भवती स्त्रीस या विषाणूचा संसर्ग झाला, किंवा जुना संसर्ग पुन्हा जागा झाला, तर तो गर्भास पोहोचू शकतो. आनुवंशिक कारणे वगळता, मुलांच्या अंतर्कर्णातील बहिरेपणाचे हा विषाणू हे एक प्रमुख कारण आहे. मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा यांचे रोपण झालेल्या रोग्यांची टी-शक्ती औषधांनी मुद्दाम कमी केलेली असते. त्यांच्यात तो प्राणघातकही ठरू शकतो. एकदा होऊन गेलेला रोगही ज्याच्यापासून पुरते संरक्षण देत नाही, त्याच्याविरुद्ध लस तयार करणे किती अवघड असेल, याची कल्पना वरील प्रयोगावरून येते.

९. चोराच्या वाटा समजल्यावर

विषाणूंच्या या वाटा समजल्यामुळे मनुष्याच्या हाती काय आले?

पहिले म्हणजे, लस कशावर रोखावयाची हे कळले. नागिणीविरुद्ध पहिली लस अमेरिकेत २००६ मध्ये मान्य झाली. तीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू होता. २०१७ मध्ये मान्य झालेल्या दुसऱ्या लशीत विषाणूच्या आवरणावरील एकच प्रथिन, टी-पेशींना विशेष उत्तेजन देणाऱ्या साहाय्यक द्रव्यासह दिले जाते. या लशी विषाणूस मज्जापेशींतून हाकलून लावीत नाहीत. त्या पहारेकऱ्यांस ताजेतवाने करतात, म्हणजे तो केव्हाही बोलू लागला तरी लगेच आवरला जावा.

दुसरे म्हणजे, लपण्याची युक्ती काढून घेतलेला विषाणूच औषध म्हणून उपयोगी पडू लागला. २०१५ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगावर हर्पीस सिंप्लेक्सपासून बनविलेले एक औषध मान्य झाले. त्यातील विषाणूच्या जनुकांत फेरफार केलेले आहेत. मज्जापेशींत वाढण्याची त्याची क्षमता कमी केली आहे; आणि वर ज्याचे वर्णन आले ते, टॅप वाहकाचे तोंड बंद करणारे आय.सी.पी.४७ हे प्रथिनही त्याच्यापासून काढून घेतले आहे. हा विषाणू अर्बुदात टोचला असता कर्कपेशी फोडतो. आणि आडोसा राहिला नसल्यामुळे शरीराचे पहारेकरी त्या ठिकाणी धावून येतात व अर्बुदाचे तुकडेही ओळखू लागतात. ज्या प्रथिनाने विषाणू लक्षावधी वर्षे लपला, तेच वगळल्याने तो मनुष्याच्या कामी आला.

नागिणीची टोके जुळण्याची भीती बाळगणाऱ्या माणसाचे एक अनुमान बरोबर होते : या रोगात काहीतरी दबा धरून बसलेले असते. ते कोठे बसते, का दिसत नाही आणि केव्हा उठते, हे सांगण्याचे काम प्रयोगाने केले. नागीण उठल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता पहिल्या तीन दिवसांत वैद्यकीय उपचार सुरू करणे हितावह असते, कारण विषाणूची वाढ रोखणारी औषधे तेव्हाच सर्वाधिक उपयोगी पडतात. या लेखातील इतर सर्व गोष्टी विस्मरणात गेल्या, तरी एवढी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. प्रतिपिंडे असूनही शरीराला मारक टी-पेशींची गरज का पडते?

२. ‘शितावरून भाताची परीक्षा’ हा दृष्टांत पेशीच्या कोणत्या कार्यास लागू केला आहे? त्यातील शीत म्हणजे काय आणि भात म्हणजे काय?

३. दर्शक प्रथिने पूर्णपणे हटविणे विषाणूच्या दृष्टीने धोक्याचे का ठरते? त्यातून सायटोमेगॅलो विषाणूने कोणती वाट काढली?

४. माकडांवरील प्रयोगात मारक टी-पेशी तात्पुरत्या नष्ट केल्या नसत्या, तर निष्कर्ष कोणत्या बाबतीत अपुरा राहिला असता?

५. नागीण झालेल्या मनुष्यापासून लहान मुलास नागीण न होता कांजिण्या येतात, याचे कारण स्पष्ट करा.